राजाच्या गच्चीवरची रेघ

खडकगडचा राजा रणसूर सकाळी गच्चीवर बसून डोक्याला तेल चोळून घेत होता. पगडी बाजूला ठेवलेली. डोकं सोललेल्या नारळासारखं! पगडीखाली एकही केस नाही, ही गोष्ट राज्यात फक्त राणीला आणि न्हाव्याला ठाऊक होती.

एवढ्यात वरून घुंऽऽ असा आवाज आला. एक ड्रोन थेट डोक्यावर येऊन थांबला! राजाने शेजारचं घंगाळ डोक्यावर पालथं घातलं. पण उशीर झाला होता. संध्याकाळपर्यंत ते डोकं बाजारातल्या प्रत्येक फोनवर पोहोचलं.

राजा पेटला. दवंडी पिटली गेली, "राज्यातला एकूण एक ड्रोन शुक्रवारी लोहाराच्या ऐरणीवर आणा. चुरा होईल!"

हौशी लोक हळहळले. ठकूचं मात्र ड्रोनवाचून चालणारच नव्हतं.

ठकू ही सोनवडीच्या एका शेतकऱ्याची मुलगी. ड्रोनने ती बारा गावांची तूर फवारायची. त्याआधी तिचा बाप पाठीवर पंप बांधून फवारत असे. औषधाच्या वासाने तो दोनदा बांधावर कोसळला होता. ड्रोन गेला, की पंप पुन्हा बापाच्या पाठीवर.

ती तडक दरबारात गेली.

"महाराज, एका बैलाने शिंग उगारलं म्हणून कुणी गावचे सगळे बैल विकत नाही."

"तुझाच असेल तो ड्रोन!" राजा गरजला.

"माझा ड्रोन औषधाबरोबर खतही फवारतो, महाराज. तो तुमच्या डोक्यावरून गेला असता, तर एव्हाना तिथं काहीतरी उगवलं असतं!"

दरबाराने माना खाली घातल्या. मिशा थरथरू लागल्या. राणीचा भाऊ उदाजीराव तर तोंडात रुमाल कोंबून हसला.

राजा लालबुंद झाला. "फार जीभ चालते तुझी! मग ऐक. माझं आकाश कुठं संपतं आणि पाखरांचं कुठं सुरू होतं, तिथं मला रेघ काढून दाखव. सगळ्या दरबाराला दिसली पाहिजे. उद्या दुपारपर्यंत मुदत. नाही जमलं, तर पहिला घण तुझ्या ड्रोनवर!"

"काढते की! पण महाराजांना गच्चीवर यावं लागेल."

"मी कशाला?"

"रेघ तुमच्याच हाताने निघायची आहे."

दुसऱ्या दिवशी ठकू गोफण आणि भाजलेल्या मातीच्या गोळ्यांची टोपली घेऊन गच्चीवर आली. ज्वारी दाण्यात आली, की ती शेतातल्या माळ्यावर, म्हणजे उंच मचाणावर, उभी राहून याच गोफणीने पाखरं उडवायची.

"हाणा, महाराज! गोळा जेवढा उंच जाईल, तेवढं आकाश तुमचं."

हे ऐकून राजाने बाह्याच सरसावल्या. गोफण गरगरा फिरवली आणि सोडली. गोळा वर गेला, आणखी वर गेला, क्षणभर थबकला आणि वळला.

"ती बघा रेघ!" ठकू ओरडली. "गोळा थबकला तिथं. सगळ्यांनी पाहिली ना?"

सगळ्यांनी पाहिली होती. गोळा मात्र खाली येऊन मुदपाकखान्याच्या कौलांवर फुटला. आचारी पळी घेऊन बाहेर धावला, "कोण रे तो आंधळा!" वर राजा दिसताच तो पळीसकट आत पळाला.

"आमच्याकडे गोळा हाणणारा नुकसान भरून देतो," ठकू म्हणाली. "राजवाड्यात काय रीत आहे?"

राजा खाकरला. "तीच."

प्रधान पुढे आला. "महाराजांचा हात तगडा आहे, मुली. एखाद्या म्हातारीच्या झोपडीवर रेघ कोण काढणार? तिचा गोळा छपरापर्यंतही जायचा नाही."

"राजाचा हात रयतेच्या डोक्यावर असतो ना, प्रधानजी? मग हीच उंची तिच्या झोपडीवरही!"

राजाची छाती फुगली.

"रेघेच्या खाली यायचं, तर खालच्या मालकाला विचारून," ठकू म्हणाली. "शेतकरी बोलावतो, तेव्हाच मी उतरते. आणि हा गोळा बघा. भाजण्याआधी आम्ही प्रत्येक गोळ्यावर आपल्या माळ्याची खूण दाबतो. कुणाचा गोळा कुठं पडला, ते कळतं. ड्रोनवरही मालकाची खूण हवी."

"दाजी, हे कामाच्या ड्रोनना ठीक आहे!" उदाजीराव मध्येच बोलला. "हौसेला कसली परवानगी आणि कसली खूण? मी काय विष फवारत होतो? दोन मिनिटं गच्चीवर थांबलो, एक फोटो काढला, तर एवढं..."

बोलता बोलता त्याने जीभ चावली. सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या.

"उदाजी!" राजाने दात खाल्ले. मग तो ठकूकडे वळला. "रेघ तू काढलीस. आता शिक्षाही तूच सांग. पण राणी रुसता कामा नये!"

"सोपं आहे, महाराज. न विचारता दुसऱ्याच्या रानात गोळा टाकला, तर आमच्याकडे त्याच रानाच्या माळ्यावर उभं राहून राखण करावी लागते. उदाजीरावांनी महिनाभर रोज सकाळी या गच्चीवर उभं राहावं. महाराज तेल लावून बसले, की डोक्यावर एक माशीसुद्धा बसू द्यायची नाही!"

राजा आधी गालात हसला. मग पोट धरून हसला. हसता हसता पगडी घरंगळली आणि उदाजीरावाच्या पायाशी जाऊन पडली. राजाने ती उचललीही नाही.

"चल, आजपासूनच लाग कामाला!" तो उदाजीरावाला म्हणाला.

शुक्रवारी लोहाराची ऐरण थंडच राहिली. राजाने आपल्या आंबराईची फवारणी दरसाल ठकूकडे दिली. लाख वितळवून तिच्या ड्रोनवर ओतली आणि स्वतःचा अंगठा दाबला. राज्यातली पहिली खूण! बापाचा पंप तेव्हापासून गोठ्यात खुंटीला टांगलेला आहे. त्यात चिमण्यांनी घरटं केलं आहे.