गुरुवारपर्यंत

विमा कंपनीने खर्चाला कात्री लावली ती थेट डायलिसिसच्या रुग्णांवर. आठवड्यातून तीनदा मिळायचं ते आता दोनदाच मिळणार, सोमवारी आणि गुरुवारी. हप्ता मात्र तोच! द्वारकाबाईंच्या मूत्रपिंडांनी केव्हाच हात टेकले होते. लघवी होतच नव्हती; अंगात साठलेलं पाणी मशीननेच काढायचं. महिना उलटायच्या आत शेजारच्या खाटेवरचे गफूरभाई छातीत पाणी होऊन वारले.

मग कुठे कंपनीचे पारसनीस साहेब रुग्णांना केंद्रात बोलावून त्यांची समजूत घालायला आले. उकाड्यात बाटलीभर पाणी रिचवत ते तासभर बोलले. "दोनदा पुरतं हो. मधल्या दिवसांत जरा जमवून घ्यायचं."

बोलता बोलता साहेबांची चुळबुळ सुरू झाली. शेवटी ते उठलेच. "इथे बाथरूम कुठे आहे?"

द्वारकाबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "साहेब, आज वार कोणता?"

"मंगळवार. का?"

"मग आता गुरुवारी जा. तोवर जरा जमवून घ्या."

कुणी हसलं नाही. साहेबांना पुढे जाता येईना, मागे फिरता येईना.

द्वारकाबाई बाजूला झाल्या. "जा. तुम्हाला जाता तरी येतं."

आठवड्याभरात सगळ्यांना तिसरा दिवस परत मिळाला. मंजुरीच्या यादीत गफूरभाईंचंही नाव होतं.