बिनकानाचे बारा कप

मंडळी, फोटो नंतर काढा, आधी या टेबलाकडे या. हे बारा कप बघा. एकालाही कान नाही. तुटलेले नाहीत हं, बोट फिरवून बघा, कुठे खरबरीत लागतंय का? ते भाजलेच तसे. बाहेरच्या बाटलीच्या आकाराच्या भट्टीत आता कॉफीचं दुकान आहे, गोदामाचे फ्लॅट झाले, माती मळायचे तिथे जिम आली. पण अ‍ॅशमूर गावाने हे टेबल काही हलू दिलं नाही. मी कुमुदिनी घोरपडे, मूळची आजऱ्याची, पुढे इकडे विलायतेत आले. याच कारखान्यात सव्वीस वर्षं कपांच्या कडांना सोनेरी रेघ ओढली. गोष्ट खरी किती, ते मला विचारू नका. मी आले तेव्हाही गाव ती अशीच सांगत होतं.

दीडशे वर्षांपूर्वी या कारखान्याचा मालक होता म्हणे इनक बॅग्नल. चहाचे कप इथून जगभर जायचे आणि कारखान्यात मात्र चहाला बंदी. माणूस चहाला बसला की बोलतो आणि बोलला की हात थांबतात, असं त्याचं म्हणणं. स्वतः दहाच्या ठोक्याला खिडकीत बसून किटलीभर प्यायचा, बिस्किटं बुडवून. समोर कपांना कान लावणाऱ्या बारा बायका ते रोज बघायच्या.

त्यांची मुकादम मार्था. कान लावणं पोरखेळ नाही बरं का! कप ओलसर असतानाच कालवलेल्या मातीचा ठिपका देऊन कान चिकटवायचा. एकदा कप भाजला की मग ब्रह्मदेव आला तरी कान लागत नाही. एका सकाळी मार्थाने हातातला कान खाली ठेवला आणि म्हणाली, "मालक, दहा वाजता आम्हालाही चहा हवा. तोवर मी कान लावणार नाही."

बाकीच्या अकरा जणींनीही हात पुसले.

मालक भडकला. शनिवारी नव्या भट्टीला आशीर्वाद द्यायला बिशप येणार होते, तीनशे माणसांना चहा सांगितला होता आणि त्यासाठीचेच कप बिनकानाचे पडले होते. "शनिवारनंतर तुला काम नाही, आणि घरही रिकामं कर," तो म्हणाला. घर कारखान्याचंच. मार्था घरी गेली आणि गाठोडी बांधायला लागली, असं सांगतात. घाबरली नसेल का? पुरती घाबरली असणार. मी तिच्या जागी असते तर त्याच दुपारी गपचूप कान लावून मोकळी झाले असते, खोटं कशाला बोलू.

पण मालकही हट्टाला पेटलेला. त्याने कप तसेच भाजले आणि गावभर सांगितलं की ही चीनच्या बादशहाकडची पद्धत आहे, बड्या घरांत आता हेच चालतं.

शनिवारी बिशपसाहेब आले. आशीर्वाद झाला, मालकाचं लांबलचक भाषण झालं आणि उकळता चहा कपात पडला. बिशपसाहेबांनी कप उचलला आणि ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. झग्याच्या बाहीत धरून पाहिला. त्यांच्याआधी कुणी प्यायचं नाही अशी रीत, त्यामुळे तीनशे माणसं वाफेकडे बघत बसली. मालक "झकास आहे की नाही?" असं विचारत आपलीच बोटं फुंकत होता.

मार्थाचा शेवटचा दिवस, तरी त्या बारा जणींनाच चहा वाढायला उभं केलं होतं. मार्थाने एक कप घेतला, चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि असा भुरका मारला की पार शेवटच्या रांगेत ऐकू गेला. हसा, हसा! तुमच्याकडे हे रोजचंच आहे.

"बाई, या कारखान्यात असाच पितात वाटतं चहा?" बिशपसाहेबांनी विचारलं.

"कारखान्यात चहाला बंदी आहे, साहेब. मला आज काढून टाकणार आहेत, म्हटलं आपण घडवलेल्या कपात एकदा तरी पिऊन जावं."

बिशपसाहेबांनीही बशीत ओतून भुरका मारला. मग तीनशे बश्यांचा जो आवाज उठला, तो म्हणे वेशीपर्यंत गेला. शेवटी त्यांनी किटली मालकाच्या हातात दिली. "या बारा जणींना आता रोज चहा तुमच्या हाताने ओता. सोमवारी दहाला मी बघायला येईन. सोमवारी नाही जमलं, तर दुसऱ्या कुठल्या तरी दिवशी."

सोमवारी दहाला मालक किटली घेऊन हजर. बिशप आले नाहीत. मंगळवारी आले नाहीत. कधी येतील याचा नेम नाही, म्हणून मालक रोज ओतत राहिला, एकोणीस वर्षं. मार्था कामावर राहिली, घरही राहिलं. पुढच्या सगळ्या कपांना तिने कान लावले, त्या शनिवारच्या कपांतले हे बारा मात्र त्या बारा जणींसाठी तसेच ठेवले. कानवाला कप खुंटीला टांगून विसरता येतो. हे टेबलावरच राहतात, मालकाच्या डोळ्यांसमोर.

गंमत अशी की बिशपसाहेबांची बदली त्याच हिवाळ्यात झाली होती. अख्ख्या गावाला ठाऊक होतं, पण मालकाला कुणी सांगितलं नाही. शेवटी तो पार म्हातारा झाला, किटली दोन्ही हातांनी उचलायला लागला, तेव्हा मार्थालाच कीव आली. "मालक, बसा आता. बिशपसाहेब काही यायचे नाहीत. ते केव्हाच बदलून गेले."

"वर्तमानपत्र मीही वाचतो, मार्था," मालक म्हणाला. "पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे मला. कप पुढे कर, चहा निवतोय."



आजही दहाला भोंगा झाला की हजर असलेल्यांत जो सगळ्यांत मोठा साहेब, त्याने किटली उचलायची आणि पहिला कप सगळ्यांत जास्त राबलेल्याला द्यायचा. तुमचे बसचे ड्रायव्हर पहाटेपासून गाडी हाकतायत, ते बसलेत इथे. आता तुमच्यात रिटायर होण्याआधी कलेक्टर, चीफ इंजिनिअर वगैरे कोण होतं, ते पटकन सांगा. अहो, सगळे एकदम छताकडे काय बघताय?