कपाटातलं बदक

फार पूर्वी तळ्याकाठी राहणारे एक रावसाहेब जुनी लाकडी बदकं जमवायचे. शिकारी ती पाण्यात सोडत, आणि आपलंच कुणी समजून खरी बदकं जवळ येत नि मारली जात.

एकदा असंच एक दुर्मिळ बदक काचेच्या कपाटात आलं, म्हणून पाहुण्यांना जेवण ठरलं. समोरच्या पडवीत डालग्याखाली एक बदकीण कोंडली.

"दादा, माझी पिल्लं तळ्यावर एकटी आहेत हो. मला सोडा म्हणून मालकांना सांगा ना!" काचेतल्या बदकाला ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

"नाही गं बाई. माझ्या मानेला चीर दिसली तरी त्यांना घास उतरत नाही. इतक्या हळव्या माणसाला कशाला त्रास?" लाकडी बदक म्हणालं.

दुपारी जेवताना कपाटाकडे बघत पाहुणे म्हणाले, "अगदी जिवंत वाटतं हो!"

"बदकांवर फार जीव आहे माझा," हाडं ताटाच्या कडेला सारत रावसाहेब म्हणाले.