नानकटीची भट्टी

वेशीपाशी ही पडकी भट्टी दिसते ना, तिला पिंपळघळात कुणी हात लावत नाही. आणि तिच्यासमोर उभं राहून कुणी ‘नानखटाई’ म्हणत नाही. इथं ‘नानकट’ म्हणायचं. शहरातले पाहुणे हसतात बापडे. हसा, पण आधी ऐकून घ्या.

फार मागची गोष्ट. भिकोबा नावाचा माणूस पुण्याच्या लष्कर भागात बेकरीकाम शिकून आला आणि त्यानं ही भट्टी बांधली. बायको लवकर गेली, मागं एकुलती एक लेक, हौसा. ती या भट्टीच्या उबेलाच वाढली. पोर देखणी निघाली, म्हणून साताऱ्याच्या एका वकिलांनी आपणहून मागणी घालून सून करून नेली. गावाला केवढं कौतुक! तिकडं हौसानं लुगडं नेसायची तऱ्हा बदलली, बोलणं बदललं. करणार काय, राहायचं होतं त्यांच्यात.

तिच्या डोहाळजेवणाला बाप डोक्यावर पाटी घेऊन चालत गेला, असं सांगतात. बायकांनी सोपा भरलेला. दारातूनच तो आनंदानं ओरडला, “हौसे, तुज्यासाटी नानकट आणलीया गं!” बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या. नणंद म्हणाली, “वहिनी, नानकट म्हणजे काय असतं हो?” हौसाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बापाकडं न बघताच ती म्हणाली, “आबा, नानखटाई म्हणतात त्याला.” आणि सगळ्यांबरोबर तीही हसली.

“चुकलं बाई,” भिकोबा म्हणाला. पाटी ठेवली, पाणी प्यायला आणि निघाला.

तो शब्द त्याच्या तोंडचा गेला तो गेलाच. गिऱ्हाइकानं विचारलं तर नुसतं बोट दाखवायचा. लेकीकडं डबे धाडत राहिला, स्वतः मात्र पुन्हा त्या दारात गेला नाही. इकडं हौसाला घास गोड लागेना. आपण हसलो, हे आठवलं की ती ताटावरून उठायची. जावं, आबांचे पाय धरावेत, असं रोज वाटायचं. पण कुठल्या तोंडानं जायचं?

शेवटी निरोप आला की आबांनी अंथरूण धरलंय. तशीच बैलगाडीत बसून ती आली. उशाशी बसून रडत म्हणाली, “आबा, माझ्यासाठी काय आणलं होतं? एकदा म्हणा ना. पहिल्यासारखं म्हणा.”

भिकोबाचे ओठ हलले. फार जपून, एकेक अक्षर सांभाळत तो म्हणाला, “नान... ख... टाई.” मग लेकीकडं बघून विचारलं, “आता बरुबर म्हनलं न्हवं?”

ती उत्तर देईपर्यंत तो गेला होता, म्हणे.

हौसा या भट्टीपुढं बसून गळा बसेपर्यंत ‘नानकट, नानकट’ म्हणत रडली. भट्टी त्या दिवशी जी विझली, ती पुन्हा कुणाला पेटवता आली नाही. इथं नानकटच म्हणायचं, असं गावाकडून वचन घेतलं ते हौसानंच.

आजही पिंपळघळची लेक सासरी निघाली की वऱ्हाड इथं थांबतं. बाप ताट पुढं करून म्हणतो, “नानकट घ्या.” कलेक्टराचं घर असलं तरी व्याह्यानं ‘नानकट’ म्हणूनच उचलायची. मग नवरी बापासमोर उभी राहते आणि सगळ्यांच्या देखत म्हणते, “आबा, अजून एकदा म्हणा.” आणि बाप म्हणतो.