हलक्या गाडीतला पाटा

सदानंदरावांनी गाडीचं बॉनेट, दारं आणि डिकीचं झाकण कार्बन फायबरचं बसवून घेतलं, तेव्हापासून त्यांना दुसरा विषय नव्हता. पुण्याहून देवरुखला आल्या आल्या त्यांनी अंगणात शेजारी गोळा केले. "तीस किलो वजन उतरवलंय! आता पिसासारखी पळते."

त्यांच्या वहिनी वत्सलाबाई वेगळ्याच काळजीत होत्या. पुण्यात नवा संसार मांडलेल्या लेकीनं घरचा दगडी पाटा-वरवंटा मागितला होता. "भावोजी, तुमच्या गाडीतून न्याल का?"

"एवढ्या हौसेनं हलकी केली, ती काय धोंडे वाहायला, वहिनी?" शेजारी हसले.

वत्सलाबाईही हसल्या. "खरंच तीस किलो उतरलं? की दुकानदार म्हणाला म्हणून?"

"म्हणजे काय! मी स्वतः काट्यावर घालून पाहिलंय."

"मग पाटा-वरवंटा मिळून वीस किलो. तो ठेवूनही गाडी पूर्वीपेक्षा दहा किलोनं हलकीच राहते. आता एक तर पाटा न्या, नाहीतर वजन उतरलंच नाही असं या चारचौघांत सांगा."

सदानंदरावांनी डिकी उघडली. पाटा आत गेला. ते झाकण लावणार, तोच वत्सलाबाई परसातून फणस घेऊन आल्या.

"थांबा भावोजी, अजून दहा किलो शिल्लक आहेत."