हत्तिणीची जकात

एक होता माहूत जैतोजी, एक त्याची बायको भिकाई, आणि त्यांची हत्तीण चंपी. राजानं नदीवर बंधारा बांधायला घेतला होता. 'बंधाऱ्यासाठी परमुलखातून येईल त्याला जकात माफ,' अशी दवंडी पिटली, म्हणून दोघं दगड ओढायला चंपीला गलबतातून घेऊन बंदरात उतरली.

नाक्यावर जकातदारानं जैतोजीच्या मुसक्याच बांधल्या. म्हणाला, "माफी बंधाऱ्यात चिणायच्या मालाला. हत्तीण काय भिंतीत चिणणार आहेस? जकात चुकवलीस, आता हात जाणार."

शिपाई कोयत्याला धार लावायला बसला. दगडावर पातं खरखर घासलं जाऊ लागलं. जैतोजीचा हात गेला तर अंकुश धरणार कोण, नि खाणार काय?

भिकाई पुढं झाली. "सरकार, अडाणी बाई मी. जे भिंतीत चिणलं नाही ते त्या कामाचं नाही, असंच ना?"

"असंच."

"मग आपण या नाक्याच्या कुठल्या भिंतीत चिणलेले आहात? नाहीतर या नाक्याचे कसे, नि जकात घेणार कशी?"

रांगेतल्या व्यापाऱ्यांनी कनवटीला घातलेले हात हळूच मागं घेतले. एकजण तर गाठोडं उचलून चालूही लागला. जकातदार घामाघूम झाला. "सोडा रे त्याला," एवढंच बोलला.

चंपीनं दगड ओढले, बंधारा उभा राहिला. राजानं खूश होऊन बंधाऱ्याखालची जमीन जैतोजीला दिली, आणि त्या पाण्यावर पहिलं भात पिकलं ते भिकाईच्या शेतात.