नकाशातली खोटी नदी

एकदा एक मास्तर शिष्य झाले. मास्तरांचे नाव सुनंद शिरगुप्पे. कॉलेजात गणित शिकवायचे, वय पंचेचाळीस. गुरू होते कोल्हापूरच्या उद्यमनगरातले दाजीबा मिस्त्री, वय ऐंशीला टेकलेले. मिस्त्रींनी जन्मभर फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न घडवले होते. पॅटर्न म्हणजे लाकडाचा नमुना. तो वाळूत दाबायचा, उमटलेल्या पोकळीत वितळलेले लोखंड ओतायचे, की हुबेहूब तसाच भाग हाती येतो.

मास्तरांना यंत्राचा छंद जडला होता. घराच्या पार्किंगमध्ये त्यांनी स्वतः जुळवलेला एक सीएनसी राउटर होता. संगणकावर आकृती काढावी आणि गरगर फिरणाऱ्या कटरने ती लाकडात कोरावी, असे ते यंत्र. पण यंत्राला गणित येत असले तरी लाकूड येत नाही, हे मास्तरांना लवकरच उमगले. म्हणून रोज संध्याकाळी ते मिस्त्रींकडे जाऊ लागले. मिस्त्री त्यांना चारचौघांत ‘सर’ म्हणत आणि दोघेच असले की ‘लेका’. मास्तरांना दुसरे संबोधन अधिक आवडे.

एके दिवशी अंधशाळेतल्या वत्सलाबाई कोरे यांचा निरोप आला. बाई स्वतः जन्मांध. मुलांना भूगोल शिकवीत. त्यांना महाराष्ट्राचा लाकडी नकाशा हवा होता, डोंगर वर उचललेले आणि नद्या आत कोरलेल्या. “आमच्या मुलांनी कृष्णा नुसती ऐकलीय, सर,” त्या म्हणाल्या. “एकदा हाताला लागू दे.” मास्तरांनी तत्काळ शब्द दिला. मिस्त्रींनी चाळीस वर्षे वाळवून जपलेल्या शिवणीच्या लाकडाच्या दोन रुंद फळ्या काढून दिल्या. “दोनच हाईत. तिसरी मागू नगोस.”

पहिला नकाशा देखणा झाला. शेजारीपाजारी येऊन वाहवा करून गेले. मास्तरांनी तो मोठ्या अभिमानाने बाईंपुढे ठेवला. बाईंची बोटे सह्याद्रीवरून उतरली, पठारावर आली आणि थबकली.

“सर, लातूरजवळ एवढ्या नद्या कधीपासून वाहायला लागल्या?”

मास्तर चपापले. बाईंचा हात पश्चिमेला सरकला.

“आणि समुद्रात काय पेरलंत?” असे म्हणून बाई मोकळेपणी हसल्या. मास्तरांना मात्र हसू आले नाही. त्यांनी फळी उजेडात तिरपी धरली, तेव्हा कुठे दिसले: सपाट भागावर बारीक बारीक रेघा उठल्या होत्या. कटर लाकडातून जाताना थरथरला होता आणि प्रत्येक थरथर लाकडाने टिपून ठेवली होती. डोळ्यांनी क्षमा केली होती, बोटांनी केली नाही. घासून काढावे, तर खऱ्या नद्याही पुसल्या जात होत्या. मुलांची परीक्षा तीन आठवड्यांवर होती आणि फळी एकच उरली होती.

मास्तरांनी दोष दिला तो स्पिंडलला, म्हणजे कटर फिरवणाऱ्या मोटारीला. ती लहान होती, जुनी होती, खडखडत होती. त्यांनी चौपट ताकदीचा नवा स्पिंडल मागवला. तो आला त्या दिवशी नारळ आणला, कुंकू लावले आणि मिस्त्रींना मानाने बोलावले.

मिस्त्रींनी नव्या स्पिंडलवरून हात फिरवला. “झ्याक हाय,” ते म्हणाले. मग खांद्यावरचा टॉवेल काढून त्यात तो स्पिंडल गुंडाळला, काखेत मारला आणि चालू लागले.

“अहो मिस्त्री! कुठं निघालात? परीक्षा जवळ आलीय!”

“तुजी आजपास्नं सुरू झाली.”

मास्तरांना राग आला. आम्ही शिकलेली माणसे राग गिळतो म्हणतो, पण मास्तरांनी तो गिळला नाही. “तुमच्या काळात असली यंत्रं नव्हती, मिस्त्री,” ते बोलून गेले.

“यंत्रं नव्हती,” मिस्त्री शांतपणे म्हणाले, “थरथर व्हती. येक फुलपात्र आण. काठोकाठ पाणी भर.”

जुना स्पिंडल चालू करून एका रद्दी फळीवर कोरणे सुरू झाले. मिस्त्रींनी ते फुलपात्र आधी जमिनीवर ठेवायला लावले. पाणी निश्चल. मग लोखंडी टेबलावर ठेवायला लावले, तर पाण्यावर वलये उठली. पुढे कटर पेलणाऱ्या आडव्या पुलावर ठेवले, तर पाणी उसळून मास्तरांच्या सदऱ्यावर आले.

“तुज्या टेबलाला चाकं का रं?”

मास्तर ओशाळले. संध्याकाळी स्कूटर आत घेता यावी, म्हणून यंत्र बाजूला सारायला त्यांनी टेबलाला चाके बसवली होती. इतका सूक्ष्म हिशेब करणारे यंत्र, आणि ते उभे होते चाकांवर!

स्कूटर अंगणात गेली, चाके निघाली. टेबलाच्या खालच्या फळीवर फौंड्रीतल्या वाळूची चार पोती आली. पुलाचे नट एकेक करून आवळले. त्यांतले तीन तर हातानेच फिरत होते. कोरताना पाहायला गंमत वाटते म्हणून मास्तर कटर लांब बाहेर काढून लावत. मिस्त्रींनी तो आत ढकलायला लावला. “लांब काठीचं टोक जास्त हलतं, हे तुला मी सांगू व्हय? गणितात न्हाई का?” होते. मास्तरांनी ते वर्गात वीस वर्षे शिकवले होते.

पुढचे आठ दिवस असेच गेले. रोज थोडे आवळायचे, थोडे कोरायचे, आणि पुन्हा फुलपात्र. मास्तरांचा राग केव्हाच मावळला होता. खरे सांगायचे तर ते सुखात होते. नवव्या दिवशी पुलावरच्या पाण्यावर केवळ एक हलका शहारा उठला. रद्दी फळीवरच्या रेघा जवळजवळ गेल्या होत्या. डोळे मिटून बोट फिरवले, तर पुसटशी एक खरखर तेवढी लागत होती.

“आता ऱ्हायली ती तुज्या जुन्या स्पिंडलची,” मिस्त्री म्हणाले. “त्याचं बेरिंग झिजलंय. तू म्हणत व्हतास ते खोटं न्हवतं, लेका.”

“मग पहिल्याच दिवशी का बसवू दिला नाहीत?”

मिस्त्री वाळूच्या पोत्यावर टेकले. “त्या दिवशी तुला कुठली थरथर कुणाची, हे ठावं न्हवतं. चाकावरच्या टेबलावर चौपट ताकद बसवली असतीस, तर थरथर चौपट झाली असती. आन् फळी येकच हाय. आमच्या धंद्यात पॅटर्नवर येक ओरखडा ऱ्हायला, की शंभर ओतीवांवर तोच ओरखडा. तुजा नकाशा बी पॅटर्नच हाय. बाई त्यो पोरांच्या डोक्यात दाबणार. खोटी नदी येकदा आत बसली, की ती कुणी काढायची?”

मग त्यांनी टॉवेल सोडला आणि नवा स्पिंडल मास्तरांच्या हाती दिला. नारळ त्या दिवशी फुटला.

परीक्षेच्या चार दिवस आधी दुसरा नकाशा शाळेत गेला. मिस्त्रीही बरोबर होते, धुतलेली टोपी घालून. बाईंची बोटे महाबळेश्वरी कृष्णेला लागली आणि तिच्यासोबत खाली खाली आली. पठारावरून फिरली, कुठेही थबकली नाहीत. शेवटी पश्चिमेला किनारा ओलांडून गेली आणि तिथे संपूर्ण तळहात टेकला.

“हा समुद्र?”

“हो, बाई.”

“इथं काहीच नाही.”

“काहीच नाही,” मास्तर म्हणाले.

बाईंनी जवळच्या एका मुलीचा हात धरून त्या गुळगुळीत लाकडावर ठेवला. मुलीने तो बराच वेळ उचलला नाही. मिस्त्रींनी मास्तरांकडे पाहिले आणि चारचौघांत, पहिल्यांदाच, हळूच म्हणाले, “जमलं, लेका.”